शेंगांच्या रानात फांदांगो

मी एक जुना शब्द आहे, मित्रांनो. फांदांगो माझं नाव आणि पोर्तुगीज माझी भाषा. हसा खुशाल, मलाही ते आवडतं.

माझा जन्म कुठला, यावर विद्वान अजून भांडतात. कोणी स्पेनकडे बोट दाखवतं, कोणी आफ्रिकेकडे. पोर्तुगालात दोन गडी समोरासमोर उभे राहून पायांची चढाओढ करत, त्या नाचाला माझं नाव होतं. मग समुद्र ओलांडून ब्राझीलला गेलो आणि माझा अर्थ वाढला. तिथल्या किनाऱ्यावर शेजारीपाजारी मिळून एकाचं शेत उरकत. मालक सगळ्यांना जेवू घाली, मग लाकडी तळव्यांचे जोडे घालून फळ्यांवर नाच होई. त्या सगळ्या मौजेलाच फांदांगो म्हणत. फार सुखाचे दिवस होते ते! पुढे माणसं शहरात गेली आणि मी बराचसा पुस्तकांत पडून राहिलो.

तिथून मला कोल्हापूरजवळच्या गडमुडशिंगी गावच्या दानेश्वरीनं बाहेर काढलं. शाळेत देशोदेशीचे नाच होणार होते आणि सातवीतली ही पोर माझ्यासाठी हटून बसली. पूर्णिमाबाईंनी बजावलं, "सोमवारी आठ मुली बसवून दाखव, नाहीतर तुझा नाच रद्द."

तालमीला एकच रविवार होता. नेमकी त्याच दिवशी तिच्या आळीतल्या म्हाताऱ्या केरबाच्या रानात भुईमुगाची काढणी निघाली. पैऱ्याचं काम, आज तुझं तर उद्या माझं, त्यामुळे पोरींसकट सगळी आळी रानात. दानेश्वरी रडकुंडीला आली. मीही घाबरलो. पुन्हा पुस्तकात जायचं माझ्या जिवावर आलं होतं.

शेंगा तोडता तोडता तिनं केरबाला माझी सगळी कहाणी सांगितली. म्हातारा हातातला वेल टाकून उठलाच.

"आगं, ह्यो तर आपला पैराच की! आदी न्हाय व्हय सांगायचं? काम उरकू, जेवू, मग नाचा ट्रॉलीवर!"

जेवणं झाली आणि ट्रॉलीच्या पत्र्यावर कोल्हापुरी वहाणा दणदणू लागल्या. काढणीला आलेल्या जोतीरामनं हलगी धरली. केरबाची बायको बयाबाई आमटीचा डाव घेऊनच वर चढली.

"सरका गं पोरींनो, मला बी जागा द्या!"

सोमवारी बाईंसमोर आठ नव्हे, अकरा मुली उभ्या राहिल्या. मी तर हरखूनच गेलो.

मित्रांनो, जुना शब्द सापडला तर नुसता पाठ करू नका. त्याची चौकशी करा, त्याला घरी न्या, कामाला लावा. आम्हाला कपाटात करमत नाही.

परवा शेजारच्या पिराजीनं बांधावरून हाक दिली, "रविवारी माझ्या शेंगा हायत. समदी या, आन् त्यो फांदांगो बी आना की!"

इतके मुलूख फिरलो, पण असं नाव घेऊन जेवायला मला आजवर कोणी बोलावलं नव्हतं.