झाडाचा तिसरा मजला

"यंदा तो आलेला नाही," सिस्टर सगळ्यांना सांगत होती, आणि नेमका तिच्या डोक्यावरच्या फांदीत तो बोलत होता.

तो म्हणजे पर्णवटवट्या. थंडीत लांबून शहरातल्या बागांत उतरणारा, पानाएवढा, पानाच्याच रंगाचा पक्षी. नुसत्या डोळ्यांनी शोधायला जाल तर दिवस जाईल. आधी कानांनी पकडायचा, मग दुर्बिणीने. हे सिस्टरनेच मंडळींना शिकवलं होतं. इस्पितळातून निवृत्त झाल्यावर दर हिवाळ्यात, रविवारी सकाळी, ती हौशी लोकांना घेऊन बागेत फिरायची. नवरा थर्मास धरून मागे. जन्मभर लिफ्ट दुरुस्त केलेला माणूस. पक्ष्यांतलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. फक्त वटवट्याचं नाव बरोबर लक्षात राहिलं होतं, आणि का, ते तो बायकोसमोर सांगत नसे.

वरून पुन्हा बारीक, टोचरा आवाज आला. बँकेतल्या मुलीने मान वर केली आणि पटकन खाली घातली. दाढीवाले काका स्वतःच्या बुटांकडे पाहू लागले. म्हणजे सगळ्यांना ऐकू येत होतं, आणि सगळे मिठाची गुळणी धरून उभे होते. सिस्टर नाही म्हणाली तर नाही.

"मंडळी, हा शेवटचा रविवार," ती म्हणाली. "बाग मेली. एकाही बारीक पाखराचा आवाज नाही. रिकाम्या झाडांखाली तुम्हाला कशाला उभं करू?"

निवृत्तीनंतरचे महिने नवऱ्याला आठवले: ती खिडकीशी बसलेली, केस न विंचरलेली, काही विचारलं तर नुसतं "हं". या बागेने तिला उठवलं होतं. पुन्हा ती त्या खुर्चीत गेली, तर तिला उठवणं आपल्या बापाच्याने होणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

मंडळी पांगली. त्याने तिला बाकावर बसवून चहा ओतला.

"सिस्टर," तो म्हणाला. सगळं जग म्हणे, म्हणून तोही तिला तसंच म्हणायचा. "तो आलाय."

"कोण?"

"तुझा वटवट्या. आत्ताही बोलतोय."

"अहो, तुम्हाला काय कळतंय त्यातलं?"

"पक्ष्यांतलं नाही कळत. आवाज येतोय, एवढं कळतं. गेल्या वर्षीही येत होता. तू नाही म्हणायचीस, मी गप्प बसायचो."

तिने चहाचा कप बाकावर ठेवला. किती पेशंटांना तिने हेच समजावलं होतं: वय झालं की बारीक आवाज आधी जातात, बाकी सगळं नीट ऐकू येतं, म्हणून माणसाला पत्ता लागत नाही. स्वतःवर वेळ आली तेव्हा तिने बागेलाच मारून टाकलं होतं.

"त्यांनाही ऐकू येत होतं?"

"सगळ्यांना."

"मग कोणी बोललं का नाही?"

"तुझ्यापुढे कोण बोलणार? मोठमोठे डॉक्टर टरकायचे तुला."

तिला रडू आलं, आणि तिने ते लपवलं नाही. त्याला फार वाईट वाटलं आणि हलकंही. मग तिने नाक पुसलं. "वर्ष फुकट घालवलंत माझं. कुठाय तो?"

त्याने डोळे मिटले. लिफ्टच्या खड्ड्यात उभं राहून कुरकुर कुठल्या मजल्यावरून येते, हे ओळखण्यात त्याची हयात गेली होती. "तिसरा मजला. जिन्याच्या उजव्या हाताला. थांब, चौथ्यावर चालला."

खोड म्हणजे जिना, हे कळायला तिला जरा वेळ लागला. तिने दुर्बीण लावली. पानापानावरून ती फिरवली.

"भुवई बघा कशी पिवळी आहे," ती हळूच म्हणाली.

"छान आहे," तो म्हणाला. त्याला पानंच दिसत होती.

पुढच्या रविवारी तिने सगळ्यांना फोन करून बोलावून घेतलं.

"मला बारीक आवाज ऐकू येत नाहीत," पेशंटच्या नातेवाइकांना वॉर्डाबाहेर ज्या सुरात सांगायची, त्याच सुरात ती म्हणाली. "तुम्हाला माहीत होतं आणि तुम्ही गप्प बसलात, याचा मला राग आलाय. यापुढे ज्याला ऐकू येईल त्याने हात वर करून बोट दाखवायचं. शोधायचं मी बघते."

मंडळी ओशाळून हसली आणि तिच्या मागे निघाली. तळ्यापाशी ती धोबी पक्षी शेपटी का हलवतो ते सांगत होती. तेवढ्यात दाढीवाल्या काकांचा हात वर गेला. मग बँकेतल्या मुलीचा. मग नवऱ्याचा, मग एकेक करत सगळ्यांचे. बोटं एकाच फांदीकडे होती.

सिस्टरला काहीच ऐकू आलं नव्हतं. ती बोलता बोलता थांबली, वळली, आणि तिने दुर्बीण उचलली.