डावऱ्या दांड्याची साक्ष

मित्रांनो, मी एक जुनं टिचबटणं बसवायचं मशीन आहे. मला घडवणाऱ्या मिस्त्रीने नकाशा उलटा धरला आणि उजवीकडचा दांडा डावीकडे लावून टाकला! कारखान्यात आलं तेव्हा सगळे खो खो हसले. "आलं बघा डावरं!" तेच नाव पडलं. वाईट वाटलं मला, खोटं कशाला बोलू?

पण कारखान्यातल्या एक मावशी माझ्यापाशी कामाला बसल्या आणि माझं नशीब फळफळलं. उजव्या हाताने बटण जागेवर धरायचं, डाव्याने दांडा खाली ओढायचा. टिच्! किती झबली, किती रेनकोट आम्ही दोघांनी हातावेगळे केले! "माझ्या डावऱ्याचं बटण कधी निसटायचं नाही," असं त्या मिरवत सांगायच्या. माझा दांडा जड होत गेला, तरी त्यांची कुरकुर म्हणून नाही.

एक दिवस त्यांचा डावा हात वर जाईना. डॉक्टरांनी खांद्याचं ऑपरेशन सांगितलं. दुखणं कामामुळेच झालं हे ठरलं, तरच खर्च कारखाना देणार होता. चौकशी शेजारच्याच खोलीत झाली. सरकारी साहेबांनी विचारलं, "मावशी, तुमचा कामाचा हात कोणता?"

मावशी पडल्या भोळ्या. त्यांना वाटलं, जेवायचा हात विचारतायत. "उजवा," म्हणाल्या.

झालं! मालकांचा वकील टुणकन उठला. "मग डावा खांदा घरीच दुखावला असणार!" मावशींचा चेहरा पडला. इकडे माझा जीव नुसता तळमळला, पण मशीनला कुठली वाचा?

साहेब म्हणाले, "मशीन तरी बघू या." ते माझ्यासमोर बसले, उजवा हात पुढे केला आणि रिकामी हवाच पकडली.

"अहो, दांडा कुठाय याचा?"

"डावीकडे, साहेब! डावरं आहे ते!" सगळा कारखाना एका सुरात ओरडला.

साहेबांनी डाव्या हाताने दांडा ओढायला घेतला. थोड्याच वेळात खांदा चोळू लागले. "मावशी," ते हसत म्हणाले, "कामाचा हात उजवा, पण राबला बिचारा डावा! हे दुखणं इथलंच." वकिलांना नेमका तेव्हाच खोकला आला. मावशी रडत रडत हसल्या. मला तर आनंदाने टिच् टिच् करावंसं वाटलं!

ऑपरेशन झालं. मलाही आता पायाने दाबायची पट्टी बसवलीय. परवा मावशी आल्या, त्या दारातूनच डावा हात उंच करून ओरडल्या, "काय डावऱ्या, बरं आहे ना?"

मित्रांनो, कुणाचं अंग दुखलं तर लांबूनच निकाल देऊ नका. तो माणूस दिवसभर बसतो ना, त्या जागी घडीभर स्वतः बसून बघा.