आजोबांचा उपास

आजोबांनी उंदराकडे पाहिलं, जीभ एकदा बाहेर काढून आत घेतली आणि तोंड पुन्हा वेटोळ्यात खुपसलं.

"नाही म्हणतायत," कोमलान म्हणाला. शेपटीला धरलेला उंदीर त्याच्या हातात लोंबकळत राहिला. त्याची बायको असिबा दारात उभी होती. तिनं कपाळाला हात लावला आणि हळहळून चुकचुकली. चुकचुकणं तिला छान जमलं. उजाडता उजाडता तिनंच आजोबांना कोंबडीचं कोवळं पिलू खाऊ घातलं होतं, आणि पोट तुडुंब भरल्यावर पुन्हा ताट पुढे आलं तर साप काय, माणूसही तोंड फिरवतो.

आजोबा म्हणजे घरचा अजगर. छोट्या जातीचा, अडीच-तीन हात लांब, अंगावर मधाच्या रंगाचे पट्टे. खाडीकाठच्या त्या वस्तीत अजगर कुणाच्याही घरात शिरतो, हवा तेवढा राहतो, निघून जातो. त्याला कुणी काठी दाखवत नाही. पण हा असा येणारा-जाणारा नव्हता. कोमलानच्या बापानं तो करंगळीएवढा असताना वारुळातून उचलून आणला, हातानं वाढवला, आणि मरताना घरासोबत मुलाच्या हवाली केला. पुढच्या खोलीत एक मोठा रांजण आडवा घातला होता, त्यात आजोबा राहायचे. पाहुणा आला की आधी रांजणापुढे गुडघे टेकायचा, मग पाणी मागायचा. कोमलानची एकुलती लेक सेनामी त्यांना दुपारी गळ्यात घालून अंगणात बसायची आणि बाजारात कोण कुणाशी भांडलं ते सगळं कानात सांगायची. सापाला कान नसतात हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

घराची एक रीत होती. कुणी घर सोडून दूर राहायला निघालं, लेक सासरी, मुलगा कामाला, की घरधन्यानं आपल्या हातानं आजोबांना घास द्यायचा. त्यांनी घेतला तर निरोप मिळाला. नाही घेतला तर पाऊल उंबऱ्याच्या आत. कोमलानचा बाप मोठा धोरणी होता. कात टाकून साप भुकेजला की तो पोरींची पाठवणी काढायचा, त्यामुळे आजोबांनी कुणाला अडवल्याचं कधी ऐकलं नव्हतं. हे धोरण तो मुलाला सांगायचं विसरला. सुनेनं मात्र चुलीपाशी बसल्या बसल्या पाहून ठेवलं होतं.

या वेळी जायचं होतं सेनामीला. कोमलानची थोरली बहीण अब्लावी कोतोनू शहरात कापडाचा धंदा करायची. तिनं सांगावा धाडला होता: पोरीला माझ्याकडे द्या, शाळेत घालते, शहरात वळण लागेल, मलाही घरात हाताखाली कुणी होईल. या सगळ्यातलं खरं वाक्य शेवटचं, हे असिबाला कळत होतं. शेजारच्या घरची अशीच एक पोर कुणा मावशीकडे गेली होती. सणाला आली तेव्हा अंगावर नवं झंपर होतं. पण कुणीही हाक मारली की ती आधी ताडकन उभी राहायची आणि मग ओ द्यायची. जेवताना हाक मारली तरी, झोपेत हाक मारली तरी. तिची आई सगळ्यांना झंपर दाखवत होती.

कोमलानला नाही म्हणता येत नव्हतं. घरावरचे पत्रे अब्लावीचे, बापाच्या दिवसांना जेवणावळ घातली तीही अब्लावीनं. तो एवढंच म्हणाला, "आक्काला शब्द दिलाय." आणि त्याची आई ह्वेफा, जी सुनेच्या प्रत्येक बोलण्याला उलटं उत्तर द्यायची, ती म्हणाली की जाऊ दे पोरीला, इथे राहून काय, आईसारखी अकासा थापत बसेल. मक्याच्या आंबवलेल्या पिठाचे ते गोळे पानात बांधता बांधता असिबानं त्या दिवशी कितीतरी पानं फाडली. दुसऱ्या सकाळी खुराड्यातलं एक पिलू कमी झालं.

आजोबांनी घास नाकारला. पुन्हा दिला, पुन्हा नाकारला. बातमी खाडीच्या पाण्यावरून होडीसारखी घरोघर लागली. मग कोमलान देवऋष्याला घेऊन आला. त्यानं बिया टाकल्या, बराच वेळ बघितल्या आणि सांगितलं, घरात कुणाच्या तरी मनात गाठ आहे, ती सोडा.

झालं. सगळे रांजणापुढे बसून मनं मोकळी करायला लागले. कोमलाननं कबूल केलं की जाळी विणायला म्हणून जातो तेव्हा तो ताडाची दारू प्यायला जातो. हे सगळ्या वस्तीला माहीत होतं. असिबानं कबूल केलं की अकासाचा गोळा लहान आणि पान मोठं असं ती मुद्दाम करते. हे गिऱ्हाइकांना माहीत होतं. ह्वेफा म्हणाली, "माझ्या मनात गाठ कुठून असणार? मी सगळं तोंडावर बोलते." यावर वाद घालायला देवऋषीही धजला नाही. मग कोमलाननं उंदीर पुढे धरला. आजोबांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

खुराडं मात्र ओस पडत चाललं. असिबा सांगायची, घार नेते. ह्वेफा अंगणात शेंगा सोलत बसायची आणि जुन्या चालीवर नवं गाणं गुणगुणायची:

*घार गं बाई घार, हिला पंख नाही, शेपूट नाही,*
*दाराआडून पिलू नेते, आभाळाला खबर नाही.*

असिबाच्या हातातली चाळण थांबायची. सासू वर न बघता सोलत राहायची. गाणं तिथंच संपायचं, पुढचं कडवं कधी आलं नाही.

उत्तरेचा कोरडा, धुळकट वारा सुरू झाला आणि त्या धुळीतून भाड्याच्या मोटारसायकलवर बसून अब्लावी स्वतः आली. अंगावर करकरीत निळं कापड, हातात बिस्किटांचा डबा. डब्यात बिस्किटं नव्हती. शहरातला पांढराशुभ्र, लठ्ठ उंदीर होता. गावच्या उंदरांना आजोबा कंटाळले असतील, असं तिचं म्हणणं. सेनामीचं गाठोडं बांधून ठेवा, असंही तिनं पाणी पिता पिता सांगितलं.

त्या पहाटे असिबानं शेवटचं पिलू दिलं होतं. कोंबडी अजून अंगणात मान वाकडी करून शोधत होती, आणि असिबाला तिच्याकडे बघवत नव्हतं.

कोमलाननं पांढरा उंदीर धरला. आजोबा हलले नाहीत. सेनामी आईच्या कापडाचं टोक मुठीत धरून उभी होती. अब्लावी गुडघे टेकून पुढे सरकली, माफी मागितली आणि दोन्ही हातांनी आजोबांना रांजणातून उचलून घेतलं. उचलल्यावर तिचे हात जरासे खाली गेले. तिनं पुन्हा तोलून पाहिलं. आयुष्यभर कापडाचे गठ्ठे तोलणाऱ्या बाईचे हात ते.

"कोमलान," ती हळू म्हणाली, "उपासानं माणूस वाळतं रे. यांनी तर बाळसं धरलंय."

आता कोमलान आपल्याकडे वळेल, असं असिबाला वाटलं. तो वळला नाही. चेहऱ्यावरची माशीही न हलू देता म्हणाला, "सूज आहे ती, आक्का. दुःखाची."

अब्लावीनं तोंड उघडलं, पण तिच्याआधी आजोबांनी उघडलं. पोट भरलेल्या सापाला असं उचलू नये, हे वस्तीतलं शेंबडं पोरही जाणतं. शहरात राहून अब्लावी विसरली होती. आजोबांच्या अंगातून एक लाट वर चढली, जबडा रुंदावला, आणि निळ्या कापडावर आधी ओल्या पिवळ्या पिसांचा एक गोळा पडला. मग त्याच्यामागून आणखी काही आलं. मोठा, तपकिरी, शेतातला उंदीर. त्याच्या मागच्या पायाला तारेचा फास अजून अडकलेला होता.

असे फास वस्तीत एकच माणूस वळायचा. असिबानं कोमलानकडे पाहिलं. तो रांजणाकडे बघत होता, अगदी भक्तिभावानं.

मग ह्वेफा जमिनीला हात टेकत उठली.

"बघितलंस, अब्लावी? लोक मागे लागले म्हणून दोन घास खाल्ले असतील त्यांनी. तेही परत केले. म्हणाले, पोर जाणार असेल तर या घराचं अन्न माझ्या पोटात राहायचं नाही."

अब्लावी सगळ्यांचे चेहरे एकेक करून बघत गेली. ती मूर्ख नव्हती. पण आजोबांना खोटं म्हणायचं म्हणजे त्यांच्यापुढेच बसून म्हणायला हवं. तिनं त्यांना अलगद रांजणात सोडलं, कपाळ जमिनीला टेकवलं आणि कापडाचा डाग झटकत उठली.

"राहू दे पोरीला," दारातून ती म्हणाली. "आणि आई, उपास करणाऱ्यांना जरा कमी वाढत जा."

गाठोडं सुटलं. असिबानं कोमलानला काही विचारलं नाही, त्यानंही सांगितलं नाही.

आणि मग आजोबांनी खरोखरच जेवण सोडलं. आता खुराड्यात पिलू नव्हतं, तर असिबानं शेजारणीकडून उसनं आणलं. ते त्यांनी हुंगलंही नाही. अंगावरचे मधाळ पट्टे फिके पडले. पाठीचा कणा वर दिसू लागला. बाहेर कुणाला सांगायचीही सोय नव्हती, कारण बाहेरच्यांच्या लेखी ते कधीपासूनच उपाशी होते. सेनामी रांजणाशी बसून बाजारच्या बातम्या सांगायची आणि मधेच थांबायची. ह्वेफाचं गाणं बंद झालं. असिबाला वाटायचं, लेक राखली आणि म्हातारा घालवला.

एका सकाळी, धुकं आणि धूळ एकत्र मिसळलेली असताना, ती ओंजळीत पिलू घेऊन पुढच्या खोलीत आली. रांजणापाशी कोमलान उकिडवा बसला होता, हातात उंदीर. दोघांनी एकमेकांच्या हातांकडे पाहिलं.

"तर घार ती तू," तो म्हणाला.

"आणि शब्द दिला होता तो तुम्ही, सेनामीचे बा."

"दिला होता." तो उंदराकडे बघत राहिला. "तोंडानं दिलेला. हातांचं मी काही बोललो नव्हतो."

तिला हसू आलं आणि डोळेही भरून आले. तिनं पिलू परत पदराखाली घेतलं. म्हणाली, एकच ठेवा, आणि असं टक लावून बसू नका; जेवणाऱ्याच्या तोंडाकडे बघतं का कुणी? त्यानं उंदीर रांजणाच्या तोंडाशी सोडला. दोघं पाठ फिरवून उंबऱ्यावर बसले, खांद्याला खांदा लावून. अंगणात कोंबडीनं पदरातलं पिलू चिवचिवलेलं ऐकलं आणि धावत आली. असिबानं ते तिच्यापुढे ठेवलं. परकं होतं, तरी तिनं पंख उचलला.

मागे रांजणात काहीतरी सरसरलं. उंदराची एक बारीकशी चीं उठली आणि थांबली.

दोघांतलं कुणीही वळून पाहिलं नाही.