ओळख देणारी

"बोट सैल सोडा. जोर लावायचं काम माझं," ती रोजच्यासारखं म्हणाली आणि समोरचा अंगठा काचेवर टेकवून या कडेपासून त्या कडेपर्यंत फिरवला. यंत्र टुक् करून वाजलं. तिनं अजून मान वर केली नव्हती. करायची गरजही नव्हती. हा हात तिनं डोळे मिटूनसुद्धा ओळखला असता.

"लहानपणी मी हिचं बोट धरून हिला चालवलं, आता ही माझं बोट धरतेय," मामा सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं म्हणाला.

रांगेतले दोघंतिघं हसले. मामा बोलला की लोक हसायचेच. लग्न असो, बारसं असो, मामा आल्याशिवाय कार्यक्रमाला रंग चढत नाही, असं सगळ्या घराण्याचं मत होतं. आई त्याच्या शेजारच्या खुर्चीवर मांडीवर पिशवी घेऊन बसली होती. ती तेवढी हसली नाही, पण आई तशी कमीच हसायची.

पडताळणीची ही खोली म्हणजे तिची रोजची पोटापाण्याची जागा. मुलांमध्ये काम करायचं असेल, तर कुणालाही इथं यावंच लागे; मग तो शिक्षक असो, शाळेच्या बसचा ड्रायव्हर असो, नाहीतर वसतिगृहाचा स्वयंपाकी. आधी बोटांचे ठसे. मग कुठे तक्रार, कुठे खटला आहे का, हे कॉम्प्युटर शोधणार. शेवटी त्या माणसाला ओळखणारं कुणीतरी चार प्रश्नांची उत्तरं देणार, की झालं काम. मामा नोकरीतून निवृत्त झाला होता, घरी बसून कंटाळला होता. मुलांच्या वाचनालयात दुपारी बुद्धिबळ शिकवायला त्याला बोलावलं होतं. ओळख द्यायला त्यानं बहिणीला, म्हणजे हिच्या आईला, सोबत आणलं होतं.

आईचा फोन आठवड्यापूर्वीच आला होता. "मामाला घेऊन येते गं. तू आहेस म्हणून बरं, नाहीतर अशा कामात चपला झिजतात माणसाच्या."

"ये," ती म्हणाली होती. दुसरं काय म्हणणार? मग तिनं रजा मागून पाहिली. साहेबांनी ती नाकारली. आजारी पडायचंही मनात आलं होतं, पण किती दिवस पडणार? मामा कुठे पळून जाणार नव्हता. तो आज नाही तर उद्या येणार, हसत येणार आणि कागद घेऊन जाणार.

तिनं पुढचं बोट धरलं. यंत्राचा लाल दिवा लागला.

"पुन्हा," ती म्हणाली.

परत लाल. मामाचं बोट चांगलं सैल होतं. जोर लावत नव्हता तो तिचा हात. काचेवर दोन बोटं होती, एक त्याचं आणि एक तिचं. तिनं आपलं मागे घेतलं. जवळच्या नात्यातल्या माणसाची तपासणी आपण करायची नाही, हा नियम तिला तोंडपाठ होता. सकाळपासून तिनं तो मनात घोकला होता. मामानं खुर्चीवर बसून हात पुढे केला, आणि तिच्या तोंडातून नेहमीचंच वाक्य बाहेर पडलं.

"साहेब," ती कशीबशी म्हणाली, "हे माझे मामा आहेत. मला नाही घेता येणार यांचे ठसे."

"अहो, मग आधी नाही का सांगायचं?" आतल्या केबिनमधून साहेब चष्मा सावरत बाहेर आले. माणूस वाईट नव्हता, फक्त त्यांना सगळं जेवणाच्या सुट्टीआधी आटपायचं असे. त्यांनी तिच्या जागेवर बसून भराभर सगळी बोटं घेतली आणि उरलेलं आत करू म्हणून तिघांनाही केबिनमध्ये नेलं. टाइप करायला ती कॉम्प्युटरपाशी बसली. तेवढं करायला नियमाची आडकाठी नव्हती.

पडद्यावरचं चक्र थोडा वेळ फिरलं आणि थांबलं. नोंद नाही.

"स्वच्छ," साहेब म्हणाले.

"असणारच. उभ्या आयुष्यात कुणाशी चढ्या आवाजात बोललो नाही," मामा म्हणाला.

ते खरंच होतं. तो कधीच चढ्या आवाजात बोलला नव्हता. अगदी हळू बोलायचा, कानाशी. त्या पडद्याकडे बघताना तिला स्वतःचाच संताप आला. कॉम्प्युटर बिचारा कुणाच्या मनात शिरणार? कुणीतरी तोंड उघडलं असेल तरच त्याला कळणार. आणि तोंड तिनं एकदाच उघडलं होतं, चौथीत असताना, स्वयंपाकघरात, आईजवळ. मामा दार लावून घेतो आणि मला ते आवडत नाही, एवढंच सांगता आलं होतं. आईचा हात कणकेत होता. ती मळतच राहिली. मग म्हणाली, "हे परत तोंडातून काढायचं नाही. कुणापाशीच."

त्यानंतर घरात या विषयावर अवाक्षर निघालं नाही. फक्त मामा मुक्कामाला आला की आई हिला आपल्या कुशीत घेऊन झोपायची. मामानं हिला बागेत नेतो म्हटलं, की आईलाही नेमकं बागेत जायचं असायचं. हीसुद्धा तेव्हापासून मामाला अरेतुरे करायची थांबली, 'तुम्ही' म्हणायला लागली. पोरगी कशी वळणाची आहे, म्हणून सगळ्यांनी कौतुक केलं. आईनं आपलं खरं मानलं होतं की नव्हतं, हे तिला आजवर कळलं नव्हतं. विचारायची हिंमतही झाली नव्हती.

"चला, आता ओळख," साहेब घड्याळाकडे बघत म्हणाले. "सख्खी बहीण आहे. सगळ्याला 'हो' टाका आणि काढा प्रिंट."

रोज असंच चालायचं. तिनंही आजवर शेकड्यांनी 'हो' टाकले होते, समोरच्याला न विचारता. माणसं खोळंबलेली असत, आणि आपल्या माणसाबद्दल वाईट कोण सांगणार? आता बटणावर बोट ठेवायचं, की मामा उद्यापासून वाचनालयात. तिला ती दुपारची खोली डोळ्यांसमोर दिसली. पट मांडलेले, आणि एखादी मुलगी सगळे गेल्यावरही सोंगट्या आवरत मागे राहिलेली.

"साहेब, विचारायला लागतं," ती म्हणाली. "अर्जदारासमोर नाही. त्यांना बाहेर बसवून."

"अहो, तुमच्याच आई आहेत ना?"

"म्हणूनच. मी नाही विचारणार. तुम्ही विचारा."

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. "बसा हो जरा बाहेर," ते मामाला म्हणाले, "आमच्या बाई नियमाच्या फार पक्क्या."

"भाची कुणाची?" मामा उठला. जाता जाता त्यानं तिच्या डोक्यावर टपली मारली. दार लागलं.

साहेबांनी कंटाळवाण्या आवाजात सुरुवात केली. यांना नीट ओळखता? हो, जन्मापासून. निर्व्यसनी? हो. शांत स्वभावाचे? हो. आई पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत उत्तरं देत होती. ती टाइप करत होती. आईकडे बघायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं. आई 'हो' म्हणणार, हे तिला ठाऊक होतं, आणि ते 'हो' आपल्याच हातानं लिहावं लागणार, हेही.

"लहान मुलांना यांच्यासोबत एकटं सोडाल?"

आई बोटावरचे बंद उलगडत राहिली. साहेबांना वाटलं, ऐकू गेलं नसेल. त्यांनी प्रश्न पुन्हा विचारला.

"मी नाही सोडलं," आई म्हणाली.

"म्हणजे?"

"माझी पोर. मी तिला त्याच्यापाशी परत कधी एकटी सोडली नाही." आई पिशवीकडेच बघत होती. "बाकीच्या मुलांचा विचार केला नाही मी. भाऊ होता ना."

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. बाहेर मामा कुणालातरी काहीतरी सांगत होता आणि तो माणूस खदखदून हसत होता.

"हे लिहायचं का?" साहेबांनी हळूच विचारलं. विचारताना ते आईकडे नाही, तिच्याकडे बघत होते.

तिनं कीबोर्ड त्यांच्याकडे सरकवला. "तुम्ही लिहा, साहेब," ती म्हणाली, आणि टेबलाला वळसा घालून आईच्या शेजारी, मामाच्या रिकाम्या खुर्चीवर जाऊन बसली. "मी सांगते."