श्वासबाबांचे दोन फोटो

मैदानात पाय ठेवायला जागा नव्हती. एक्स-रेचं यंत्र बसवलेल्या पांढऱ्या गाडीतून माणसं एकेक करून उतरत होती आणि आपले दोन एक्स-रे उन्हात धरून शेजाऱ्याला दाखवत होती. पहिल्यात छातीचा पडदा वर, दुसऱ्यात खाली! आणि मधे काय झालं? श्वासबाबांनी पोटावर हात ठेवला, बस्स. ना गोळी, ना सुई.

"छाती आणि पोट यांच्यामधे हा पडदा असतो, बाळांनो," बाबा गाडीतूनच माइकवरून सांगत होते. "पाप साठलं की तो वर चढतो. मग दम लागतो, झोप उडते, धंदा बसतो, सासू छळते." सासू म्हटल्यावर टाळ्या जरा जास्तच पडल्या.

रांगेत ताई उभी होती, चांगलीच वैतागलेली. वीस वर्षं इस्पितळात एक्स-रे काढण्यात गेलेली बाई ती! शेजारी तिचा धाकटा भाऊ. लोकांचं घरसामान हलवायचं त्याचं काम. एकेकाळी कपाट पाठीवर घेऊन तीन मजले चढायचा, आता रिकाम्या हातानं एक जिना चढला तरी धापा टाकायचा, आडवा पडला की घुसमटायचा. त्याच्या पडद्याची डावी बाजू खरोखरच वर सरकली होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, "पडदा हलवणारी नस मानेतून छातीत उतरते. ती बंद का पडली ते शोधायला हवं. मार असेल, संसर्ग असेल, नाहीतर एखादी गाठ दाबत असेल. स्कॅन याच आठवड्यात करा."

आणि हा पठ्ठ्या स्कॅन सोडून इथं.

"गाठ निघाली तर काय, ताई? मला भीती वाटते," तो म्हणाला.

त्याचा नंबर आला. गाडीतून शिष्याचा आवाज ऐकू आला, "अहंकार बाहेर सोडा... अजून सोडा... हलू नका." खट्. मग बाबांचा हात. मग पुन्हा शिष्य, "आता कृपा आत भरून घ्या... भरपूर... धरून ठेवा." खट्.

ताईनं कान टवकारले. भावाच्या दोन्ही फोटोंत मात्र पडद्याची डावी बाजू वरच राहिली.

"हट्टी आहे तुझा पडदा," बाबा म्हणाले. "सात आठवडे येत राहा. तोवर डॉक्टरांचं यंत्र अंगाला लावू नकोस, कृपा पळून जाते."

भावानं मान डोलावली.

"बाबा, मलाही दम लागतो हो," असं म्हणत ती गाडीत शिरली. अहंकार सोडायची आज्ञा झाली तेव्हा तिनं गुपचूप छातीभर श्वास घेतला. कृपा भरायची वेळ आली तेव्हा होता नव्हता तेवढा श्वास सोडून दिला. गर्दीच्या घाईत शिष्यानं फोटो न बघताच हातात ठेवले. ते घेऊन ताई तडक स्टेजवरच्या माइकपाशी.

"बाबांचा हात लागला आणि माझा पडदा वर चढला. आता काय म्हणायचं, पाप वाढलं?"

हशा पिकला. ताईनं माइक धरूनच ठेवला. "श्वास सोडला की पडदा वर जातो, घेतला की खाली. तुमचा, माझा, बाबांचासुद्धा. पटत नसेल तर बरगड्या मोजा. पहिल्या फोटोत पडद्याच्या वर कमी दिसतील, दुसऱ्यात जास्त. बाबांनी काय नव्या बसवल्या?"

लोक उन्हात फोटो धरून मोजायला लागले. बाबा गाडीतून उतरलेच नाहीत.

"मग माझाच डावीकडे का नाही हलला?" भावानं विचारलं.

"कारण इथं तुझा एकट्याचाच खरा बिघडलाय, वेड्या. चल."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी त्याला हलता एक्स-रे दाखवणाऱ्या यंत्रासमोर उभं करून नाकानं झटकन श्वास ओढायला लावला. उजवी बाजू खाली गेली, डावी उलटी वर उसळली. नस मेलेली. स्कॅनमधे गाठ दिसली, लिंबाएवढी, नसेला चिकटलेली, अजून पसरली नव्हती. सर्जनांनी ती काढली आणि सैल पडलेला पडदा टाके घालून ताणून बसवला. दम लागत नसता तर पडद्याला हातही लावला नसता, म्हणाले.

"सात आठवडे थांबला असता तर?" ताईनं विचारलं.

"तर मी असा निवांत बोलत उभा नसतो."

भाऊ भिंतीकडे तोंड करून रडला. ताईनं त्याला रडू दिलं.

आजाराची भीती वाटणारच, त्यात लाज कसली? पण ती घेऊन जायचं ते डॉक्टरांकडे. आणि जो कोणी 'तपासू नकोस' म्हणेल, त्याला आधी तपासा.