दोन खुर्च्यांमधला फायटर

मास्तरांच्या डोक्यावर केस म्हणाल तर एक बट होती. डाव्या कानामागून ती निघायची, मधला सगळा उजाड मुलूख ओलांडायची आणि उजव्या कानाशी येऊन कशीबशी टेकायची. या बटेची देखभाल इतकी वर्षं मी केली. मास्तर यायचे, माझ्या खुर्चीवर बसायचे, मी कात्री बरीचशी हवेतच चालवायचो, शेवटी टोक जरा सारखं करून द्यायचो, आणि मास्तर मान हलवून म्हणायचे, "हलकं वाटलं." एकदा मी चहा प्यायला म्हणून बाहेर गेलो. परत येऊन बघतो तर मास्तर माझ्या धाकट्या भावाच्या खुर्चीवर बसलेले आणि ती बट त्याच्या कंगव्यात.

मी म्हटलं, "गिऱ्हाइकं पळवायला लागलास?" तो म्हणाला, "त्यांच्या टकलावर तुझं नाव लिहिलंय का?" झालं. त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद. लोक हसतात, हसू देत. ज्याची बट गेली त्यालाच कळतं.

आमचं सलून म्हणजे दोन खुर्च्या, समोर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एकच लांब आरसा, आणि दोन खुर्च्यांच्या मधोमध आरशाला टेकून टॉवेलांचं एक बुटकं कपाट. अशा ठिकाणी न बोलता धंदा करायचा म्हणजे गिऱ्हाइकांना मध्ये घ्यावं लागतं. मी माझ्या गिऱ्हाइकाला म्हणायचो, "सांगा त्याला, बारीक कंगवा परत दे म्हणावं." तो त्याच्या गिऱ्हाइकाला म्हणायचा, "सांगा मालकांना, त्यांच्याच खिशात आहे." मालक! जन्मल्यापासून मला दादा म्हणणारा पोरगा मला मालक म्हणायला लागला. या एका शब्दाने माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मग मी आरशातून त्याच्याकडे डोळे वटारायचो, तोही आरशातून वटारायचा. आमच्या धंद्यात माणूस माणसाकडे सरळ बघतच नाही, सगळं आरशातून. भांडायलासुद्धा मान वळवावी लागत नाही.

हे असंच वर्षभर चाललं असतं तरी माझी काही तक्रार नव्हती. पण समोरच्या बाजूला एक नवं सलून उघडलं, पूर्ण काचेचं, गारेगार, खुर्च्या अशा की माणूस त्यात आडवा होतो. त्या मालकाने धाकट्याला निरोप पाठवला: आमच्याकडे ये, महिना संपेपर्यंत काय ते कळव. हे मला धाकट्याने सांगितलं नाही. माझ्या हाताखाली दाढी करून घेणाऱ्या प्रत्येकाने सांगितलं.

बायको म्हणाली, "एवढं वाटतं तर सांगा ना त्याला, जाऊ नकोस म्हणून."

"मी सांगू? मोठा मी आहे."

"म्हणूनच सांगा."

बायकांना धंद्यातलं काही कळत नाही. पण एक खरं सांगतो. त्याच्या हातात पहिली कात्री मी दिली. पहिल्यांदा त्याने कापले ते माझे केस, आणि मी तसाच, उंदरांनी कुरतडल्यासारखा, गावभर हिंडलो. तो समोर जाणार आणि मी इथून त्याला काचेतून बघणार, या विचाराने माझ्या हातातला वस्तरा जड व्हायला लागला.

तेव्हा मी ठरवलं की सलूनमध्ये माशांची टाकी आणायची. गिऱ्हाइकांसाठी. समोर गारवा असेल, आमच्याकडे मासे. बायको नुसती हसली. लहानपणी धाकट्याने ओढ्यातला एक मासा बरणीत घालून घरी आणला होता आणि तो मेल्यावर हा दोन दिवस जेवला नव्हता, ही गोष्ट तिला माहीत आहे. पण त्याचा इथे काही संबंध नाही.

माशांच्या दुकानदाराने टाकी दिली, पाणी फिरवणारा फिल्टर दिला, रंगीत खडे दिले, दोन हिरवी झुडपं दिली आणि म्हणाला, "खडे स्वच्छ धुऊन घ्या. मग पाणी भरा, फिल्टर चालू ठेवा आणि पाणी चांगलं मुरू द्या. मासा मागाहून न्या."

धुऊन घ्या म्हणाला, कशाने ते म्हणाला नाही. मी सलूनवाला माणूस. माझ्याकडे उत्तम शांपू आहे. मी खडे घमेल्यात घेतले, शांपू ओतला आणि डोकं चोळतात तसे बोटांनी घोळून घोळून धुतले. टाकी कपाटावर ठेवली, खडे पसरले, झुडपं रोवली, पाणी भरलं आणि चार गिऱ्हाइकांच्या साक्षीने बटण दाबलं.

आधी थोडे बुडबुडे आले. मग जास्त आले. मग टाकीच्या तोंडाशी पांढराशुभ्र फेस जमला, तो वर चढला, काठावरून उतू गेला आणि टॉवेलांच्या कपाटावरून ओघळत खाली यायला लागला. धाकट्याने आरशातून ते सगळं शांतपणे पाहिलं आणि त्याच्या गिऱ्हाइकाला म्हणाला, "सांगा मालकांना, फेस चांगला झालाय. आता वस्तरा फिरवा म्हणावं."

सगळे हसले. मलाही हसू येत होतं, पण मी ते दाताखाली धरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडतो तर टाकी रिकामी, खडे नुसत्या पाण्यात धुऊन टॉवेलवर वाळत घातलेले, आणि कोपऱ्यात पाण्याच्या भरलेल्या बादल्या. मी म्हटलं, "हे काय?" अर्थात भिंतीला म्हटलं. माझ्या मागोमाग आलेला धाकटा त्याच्या रिकाम्या खुर्चीला म्हणाला, "नळाच्या पाण्यात औषध असतं. रात्रभर उघडं ठेवून मग टाकीत घालायचं असतं. नाहीतर मासा मरतो." हे त्याला कुठून कळलं ते मी विचारलं नाही. बरणीतल्या माशानंतर त्याने कोणाकोणाला विचारून घेतलं होतं ते मला ठाऊक होतं.

पाणी मुरायला वेळ लागला. तोवर गिऱ्हाइकं येऊन रिकाम्या टाकीकडे बघत बसायची. एकाला तर झुडपामागे मासा दिसलासुद्धा. शेवटी मी दुकानात गेलो आणि म्हटलं, द्या डझनभर. दुकानदार म्हणाला, "एवढ्याशा टाकीत? एक फायटर न्या, ऐटीत राहील." निळ्या अंगाचा, तांबड्या परांचा, लांब शेपटीचा. मी त्याला टाकीत सोडला आणि बाजूला झालो.

फायटरने एक चक्कर मारली. मग त्याचं लक्ष आरशाकडे गेलं.

आरशात त्याला दुसरा फायटर दिसला. तेवढाच निळा, तेवढाच तांबडा, तेवढाच रागावलेला. झालं! याने पर ताठ केले, शेपटी पसरली, गालफडं फुगवली आणि गळ्याखाली काळी दाढीच फुटल्यासारखी दिसायला लागली. त्यानेही फुगवली. हा धावून गेला, तोही आला. हा मागे हटला, तोही हटला. तेव्हा आपण जिंकलो असं समजून हा परत पुढे. गिऱ्हाइकं पोट धरून हसायला लागली. बातमी पसरली. ज्यांचे केस वाढले नव्हते तेही येऊन बसायला लागले. समोरच्या काचेच्या सलूनमधली माणसं रस्ता ओलांडून बघायला आली. मी नुसता फुगलो होतो, फायटरपेक्षा जास्त.

धाकटा मात्र हसत नव्हता. तो गिऱ्हाइकामार्फत म्हणाला, "सांगा मालकांना, तो खात नाहीये. दाणे तसेच तरंगतायत."

मी म्हटलं, "सांगा त्याला, मासा माझा आहे."

"सांगा मालकांना, शेपटी फाटलीय त्याची."

"सांगा त्याला, ज्याला समोर जायचंय त्याने समोरचं बघावं."

हे माझ्या तोंडून गेलं. निरोप्या बिचारा साबण लावलेल्या तोंडाने एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत बसला. मी आरशात पाहिलं, तर त्याची मान खाली होती.

महिन्याचा शेवटचा दिवस उजाडला. मी दुकानात आलो तर धाकटा माझ्याआधी आलेला. आरशाच्या वर असलेल्या दरपत्रकाच्या खिळ्याला गिऱ्हाइकाच्या अंगावर टाकायचं काळं कापड अडकवून त्याने टाकीमागचा आरसा वरपासून खालपर्यंत झाकून टाकला होता. माझी गर्दी जमवणारी गंमत बंद! मी तोंड उघडणार, एवढ्यात टाकीकडे लक्ष गेलं. फायटरने पर मिटले होते. झुडपाच्या पानाला टेकून तो निवांत तरंगत होता. मग सावकाश वर आला आणि एक दाणा गिळून गेला. मी तोंड मिटलं.

काम सुरू झालं. सवयीने मी वर पाहिलं, धाकट्याकडे डोळे वटारायला. तिथे काळं कापड.

थोड्या वेळाने परत पाहिलं. काळं कापड. त्याच्या कात्रीचा आवाज येत होता, तो कुठेच दिसत नव्हता. आरशात माझी खुर्ची, माझं गिऱ्हाईक, मी, आणि तिथून पुढे सगळं काळं. मला वाटलं, उद्यापासून हे असं असणार. कापड काढलं तरी असंच असणार.

माझं गिऱ्हाईक उठलं आणि तेवढ्यात मास्तर आले. धाकट्याच्या खुर्चीवर कोणीतरी होतं, म्हणून माझ्या खुर्चीवर बसले. मी बट कंगव्यावर उचलली, टोकाशी कात्री धरली. पण माझं लक्ष त्या कापडाकडे. बायकोचं म्हणणं आठवलं. आणि किती महिन्यांनी कोण जाणे, मी मान वळवली. आरशात नाही, सरळ त्याच्याकडे. तो केवढा दमलेला दिसत होता! आरशात कधी कळलंच नव्हतं.

"जाऊ नकोस रे," मी म्हटलं.

तो दचकून वळला. माझ्याकडे बघितलं, मग माझ्या हाताकडे, आणि ओरडला, "दादा, मास्तर!"

मला फक्त दादा ऐकू आलं. मास्तर हा शब्द कानात शिरेपर्यंत कात्री टोकावरून पार मुळाशी सरकून मिटली होती. बट मुळापासून सुटली, मास्तरांच्या खांद्यावरून घसरली आणि मांडीवर येऊन पडली.

मास्तरांनी ती दोन बोटांनी उचलली. आरशात स्वतःचं डोकं एका बाजूने पाहिलं, दुसऱ्या बाजूने पाहिलं. अखेर ते म्हणाले, "चला. आता तुम्हा दोघांपैकी कोणाच्याच खुर्चीवर बसायचं मला कारण उरलं नाही." आणि जाता जाता, नेहमीसारखी मान हलवून, "हलकं वाटलं."

मास्तर गेल्यावर धाकटा परत आपल्या गिऱ्हाइकाकडे वळला. जाणार की राहणार, हो नाही, काही नाही. मीही विचारलं नाही, एका दिवसात दोनदा मान वळवायची ताकद माझ्यात नव्हती. संध्याकाळी त्याने खुर्ची पुसली, केस झाडले. मग स्वतःच्या कात्र्या एकेक करून पुसल्या, पाकिटात घातल्या आणि पाकीट खिशात टाकलं. सलून सोडणारा माणूस आधी कात्र्या उचलतो. मी पाठ फिरवली आणि आधीच घडी घातलेले टॉवेल पुन्हा घडी घालायला लागलो.

मागे नळाचा आवाज आला. वळून पाहिलं तर धाकटा बादली भरत होता. भरली, उचलली आणि कोपऱ्यात आणून ठेवली.

"ही कशाला?" मी विचारलं.

"रात्रभर राहू दे उघडी. उद्या थोडं पाणी बदलावं लागेल त्याचं."

"आणि कात्र्या?"

"धार लावून आणतो सकाळी येताना." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "तुझीही दे. आज फारच छान चालली."

मी माझी कात्री त्याच्या हातात दिली. दुसरं काही सुचेना, म्हणून म्हटलं, "ती बादली जरा लांब सरकव. केस पडतात तिथे."

"हो दादा," तो म्हणाला आणि बादली सरकवली.