मधल्या वर्तुळातला सत्कार

उमरग्यात फुटबॉलचा क्लब आहे हे खुद्द उमरग्यातल्या निम्म्या लोकांना माहीत नाही. हायवेवर चहाला थांबलेले ट्रकवाले मैदानाकडं बघून विचारतात, इथं काय भरतीबिरती आहे का? मी या सीमा फुटबॉल क्लबचा बावीस वर्षं प्रशिक्षक होतो. सकाळी शाळेत पीटीचा मास्तर आणि संध्याकाळी इथं. नाव शिवशरण, पण ते आता माझ्या आधार कार्डालाच ठाऊक. बाकी सगळे सर म्हणतात.

यंदाचा हंगाम म्हणजे अब्रूची लक्तरं. विभागीय लीगच्या ब गटात आठ संघ, प्रत्येकाला चौदा सामने. तेरा सामन्यांत आम्ही नऊ हरलो, चार बरोबरीत सोडवले आणि जिंकला एकही नाही. गोलकीपर श्रीशैल ट्रकचं टायर खोलताना बोट चेमटून बसला. आमचे दोन्ही फॉरवर्ड व्यापाऱ्यांच्या घरचे, त्यामुळं आठवडी बाजारादिवशी सामना आला की त्यांचे फोन बंद. एकदा परगावी नऊच जण घेऊन उतरलो आणि सहा गोल खाऊन आलो. गावात लोक हसून म्हणायचे, सर, पोरांना नारळ द्या आता. मीही हसायचो. आतून जळायचो.

ब गटाच्या खाली गट नाही. शेवटचा आला तो लीगच्या बाहेर, आणि बाहेर गेलेला क्लब परत आलेला मी बावीस वर्षांत पाहिला नाही. आमचे गुण चार, आमच्या वरच्या संघाचे सहा, आणि त्यांचे सामने संपलेले. म्हणजे शेवटचा सामना, तोही आमच्याच मैदानावर, जिंकला तर क्लब राहणार, नाहीतर संपला. हिशेब इतका सोपा होता.

या सोप्या हिशेबावर सगळ्यात जास्त जीव टांगला होता तो कप्तान बुद्धघोषचा. हा मूळचा भूमचा, इथं पंचायत समितीत लिपिक. तिकडं त्याची आई बनाबाई एकटी असते, डोळ्यांनी अधू झालेली. जूनमध्ये त्याला भूमची बदली मिळत होती. त्यानं ती नाकारली. मी म्हणालो, अरे वेड्या, आईकडं बघ. तर म्हणाला, "आईला इचारलंय सर. म्हनली, एवढं वर्ष खेळ. क्लब वाचला की मग जातो. असा बुडताना सोडून न्हाय जायचा मी."

तेव्हा त्याच्या पाठीवर थाप मारली होती मी. तीही आता बोचते.

शेवटच्या सामन्याच्या आठवडाभर आधी आमचे अध्यक्ष शांतलिंग अण्णा घरी आले. अण्णांची आडत आहे आणि त्यांना पुढं निवडणुकीला उभं राहायचं आहे. दोन्ही गोष्टी त्यांच्या चालण्यातच दिसतात. म्हणाले, "सर, शेवटचा सामना हाय. चार पावणे बोलवू. सामन्याच्या आदी छोटासा सत्काराचा कार्यक्रम घेऊ. अर्ध्या तासात उरकतो बगा."

आपल्याकडं अर्ध्या तासात बारसंसुद्धा उरकत नाही, हे मला कळायला हवं होतं. सामना चारला होता, अण्णांनी कार्यक्रम तीनचा ठेवला. मी बरं म्हणालो.

त्या दिवशी मैदानावर गेलो तर व्यासपीठ बरोब्बर मधल्या वर्तुळात. दोन दिवाण जोडून त्यावर सतरंजी, वर कापडी मांडव, समोर शंभर खुर्च्या. विचारलं, अरे इथं कशाला? तर मांडववाला म्हणाला, "अण्णा म्हनले, फोटोत दोन्हीकडचे गोलपोस्ट आले पायजेत."

पाहुणे पावणेचारला आले. मग दीपप्रज्वलन, वाऱ्यानं तीनदा विझलं. मग शाल, हार, फेटा, नारळ. आमची पोरं किट घालून हारांची ताटं धरून रांगेत उभी. परगावचा संघ एका कोपऱ्यात सराव करून करून घामाघूम झाला. चार वाजता पंच माझ्याकडं आले. शांत माणूस. म्हणाले, "सर, नियमाप्रमाणं अर्धा तास थांबतो. साडेचारला मैदान मोकळं आणि संघ तयार हवा. नाहीतर सामना त्यांना द्यावा लागेल."

चार वाजून दहा मिनिटांनी सगळं संपतही आलं होतं. तेवढ्यात सूत्रसंचालकाला चिठ्ठी गेली की नागप्पांचं नाव यादीत राहिलं. नागप्पा कापडाचे व्यापारी, गोलची जाळी त्यांनी दिलेली. ते खुर्चीवरून उठून फाटकाकडं निघाले होते. अण्णा मागं धावले. "राहू द्या हो," नागप्पा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणत होते, "आमी कोन लागून गेलो? जाळी काय, कुनीबी देतंय." त्यांची समजूत काढून, आणून, फेटा बांधेपर्यंत चार वीस झाले. खरं सांगतो, तेव्हा मी नागप्पांना मनातल्या मनात शिव्या घातल्या. मानासाठी हपापलेला माणूस, म्हणालो.

आता आभार, आणि संपलं. मी पोरांना खुर्च्या उचलायला खुणावलं. आणि माइकवरून आवाज आला, "आता ज्या क्षणाची आपण वाट पाहत होतो! बावीस वर्षं या मातीची सेवा करणारे आपले लाडके शिवशरण सर!"

मला कुणी सांगितलं नव्हतं. लोक टाळ्या वाजवायला लागले. ज्यांनी नारळ द्या म्हणून टोमणे मारले तेही वाजवत होते. बुद्धघोष पळत माझ्याजवळ आला आणि माझा हात धरला. "सर, आठ मिन्टं ऱ्हायलीत. सामना झाल्यावर घ्या सत्कार. तुमी न्हाय म्हनला तर अण्णा ऐकतेत. दुसऱ्या कुनाचं ऐकायचे न्हाईत."

खरं होतं ते. तिथं फक्त मीच नाही म्हणू शकत होतो.

पण बावीस वर्षांत माझा कुणी सत्कार केला नव्हता. शाळेत नाही, गावात नाही, घरीसुद्धा नाही. त्या टाळ्या ऐकून माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. मी बुद्धघोषचा हात सोडवला आणि म्हणालो, "पाचच मिनिटं रे. आलोच."

फेटा बांधायला चार मिनिटं लागली. मग मानपत्राचं वाचन, आणि ते दोन पानांचं होतं. दुसऱ्या पानावर माझ्या शिस्तीचं आणि वक्तशीरपणाचं कौतुक होतं. ते चालू असताना पंचांनी घड्याळ बघितलं, वहीत काहीतरी लिहिलं आणि शिट्टी वाजवली. लोकांना वाटलं सामना सुरू झाला, म्हणून त्यांनी टाळ्या वाजवल्या.

सामना संपला होता. तीन-शून्य, पाहुण्या संघाला बहाल. मी पंचांपुढं हात जोडले. ते म्हणाले, "सर, मी दोनदा तुमच्या कप्तानालाही सांगितलं होतं." नियम नियमाच्या जागी होता. हात दाखवून अवलक्षण आम्हीच केलं होतं.

परगावचा कप्तान भला पोरगा. म्हणाला, एवढ्या लांब आलोय, नुसतं कसं जायचं, मैत्रीचा सामना खेळू. पोरांनी मांडव सोडला, दिवाण उचलले, खुर्च्या बाजूला केल्या आणि खेळायला उतरली.

आणि काय खेळली! वर्षभर कुठं दडून बसला होता हा खेळ? श्रीशैलनं दुखऱ्या बोटानं दोन खात्रीचे गोल अडवले. पहिला गोल त्यांचा झाला, बरोबरीचा आमचा, आणि शेवटच्या मिनिटांत बुद्धघोषनं डोक्यानं दुसरा मारला. दोन-एक. हंगामातला पहिला विजय, जो कुठल्याही कागदावर लागणार नव्हता. मी उडी मारून ओरडलो. मैदानातल्या एकाही पोरानं माझ्याकडं वळून पाहिलं नाही.

सामन्यानंतर बुद्धघोष माझ्यापुढून चालला होता. मी हाक मारली. तो थांबला, दंडावरची कप्तानाची पट्टी काढली आणि माझ्या हातात दिली.

"सोमवारी बदलीचा अर्ज देतो सर," तो म्हणाला. "जूनमदीच जायला पायजे होतं. आईचं एक वर्ष वाया घालवलं म्या."

त्यानं शिवी दिली असती तर बरं झालं असतं. मला म्हणायचं होतं, चुकलं माझं, तुझ्या पाया पडतो. शब्द तोंडाशी आले होते.

तेवढ्यात अण्णा फोटोवाल्याला घेऊन आले. "सर, मगाशी मानपत्राचा फोटो हाललाय. पेपरला द्यायचाय. परत एकदा उबं ऱ्हावा बरं, ह्या अंगानं."

बुद्धघोष तिथंच उभा होता, बघत होता. मी पट्टी खिशात घातली, फेटा सारखा केला आणि उभा राहिलो.